मॅप्लिन सँड्सचा विमानतळ चिखलामुळे अडला नाही

प्रश्न असा आला आहे: लंडनचा तिसरा विमानतळ एसेक्सच्या किनाऱ्यावर, मॅप्लिन सँड्स नावाच्या भरती-ओहोटीच्या सपाटीवर व्हायचा होता. संसदेत कायदा झाला, प्राधिकरण नेमलं गेलं आणि १९७४मध्ये सगळं रद्द झालं. चिखलावर धावपट्टी टिकणार नाही हे लक्षात आलं म्हणून का? आणि तसं असेल तर उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळाला, कसं जमलं?

मी अठ्ठावीस वर्षं मऊ सागरी मातीवरच्या भरावाची कामं करते आहे. माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. उधाणाला समुद्रबांधाची खांड गेली की रात्री कंदील घेऊन धावणारी माणसं बघतच मी मोठी झाले, त्यामुळे खाजणाची माती मला आधी पायाला कळली आणि मग पुस्तकातून. थेट उत्तर द्यायचं तर नाही, मॅप्लिन मातीने अडलं नाही. त्या जमिनीवर विमानतळ बांधता आला असता, १९७४च्या तंत्रानेसुद्धा. ती जागा निवडली गेली कारण तिथे फारशी माणसं नव्हती, आणि योजना कोसळली तीही त्याच कारणाने. माणसांपासून लांब असलेला विमानतळ माणसांना वापरायचा होता.

आधी माती, कारण प्रश्न तिथून सुरू झाला आहे.

थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर तीरावर फाउलनेस नावाचं बेट आहे. नावाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ पक्ष्यांचं टोक असा होतो. पुढे गोष्टीत पक्षी येणारच आहेत, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला मॅप्लिन सँड्स पसरलेली आहे. भरतीला सगळं पाण्याखाली जातं आणि ओहोटीला काही किलोमीटरपर्यंत उघडं पडतं. या सपाटीवरून ब्रूमवे नावाची वाट जाते. ती किमान सहाशे वर्षं जुनी आहे आणि १९२२मध्ये लष्कराने पूल बांधेपर्यंत बेटावर जायचा मुख्य रस्ता हीच होती. खुणेसाठी दोन्ही बाजूंना काटक्यांचे जुडगे रोवत, खराट्यासारखे, त्यावरून हे नाव पडलं. धुक्यात वाट चुकून किंवा भरतीत सापडून इथे शंभराच्या वर माणसं बुडाली आहेत.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते, तेव्हा एक रविवार काढून वाटाड्यासोबत ही वाट चालले. रविवारच का, तर हा सगळा भाग लष्कराच्या तोफांच्या चाचणीचा आहे आणि कामाच्या दिवशी तिथे गोळाबार चालतो. किनाऱ्यालगतचा पट्टा अगदी आपल्या खाडीसारखा निघाला, काळा, मऊ, पाय ओढून घेणारा. तिथले लोक त्याला ब्लॅक ग्राउंड्स, म्हणजे काळी जमीन म्हणतात. पण तो पट्टा ओलांडला आणि पायाखाली एकदम बदल झाला. कडक, बारीक वाळू होती, तीवर लाटांच्या रेघोट्या उमटलेल्या आणि वर बोटभर पाणी. मी टाच रोवून पूर्ण वजन टाकलं, जेमतेम ठसा उमटला. सवयीने खाली बसून चिमूटभर उचलली आणि बोटांत चुरडली. कण जाणवत होते, चिकटत नव्हते. उरणच्या खाजणात हे मला कधी मिळालेलं नाही.

आपल्याकडची माती कशी असते? जमिनीत खोल भोक पाडून (याला बोअर म्हणतात) मातीच्या नमुन्याची नळी वर येते. आतली माती काळी-करडी, लोण्यासारखी असते, अंगठा घातला तर सहज आत जातो आणि ठसा तसाच राहतो. कुजलेल्या पाल्याचा वास येतो, मध्ये मध्ये शिंपल्यांचे तुकडे सापडतात. अशा मातीची कातर-ताकद, म्हणजे आडवं सरकण्याला विरोध करायची क्षमता, दहा किलोपास्कलच्या (अगदीच कमी) आसपास धरली, तर एका झटक्यात तीन मीटरचा भराव टाकला की ती खालून निसटते आणि बाजूने फुगून वर येते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एका बंदराच्या कामावर कंत्राटदाराला घाई होती, दोन थरांच्या मध्ये थांबायचं होतं ते थांबला नाही. सकाळी गेलो तर भराव मीटरभर खाली बसलेला आणि वीस मीटर पलीकडे चिखलाची नवी टेकडी उठलेली, तीवर खेकडे फिरत होते.

मॅप्लिनला वर वाळू आहे, तिच्या खाली गाळ आणि मऊ चिकणमातीचे थर, आणि सगळ्याच्या तळाशी लंडन क्ले. ही लंडन क्ले म्हणजे लाखो वर्षं वरच्या थरांनी दाबून दाबून घट्ट झालेली माती. लंडनच्या भुयारी रेल्वेचे कितीतरी बोगदे तिच्यातूनच कोरले आहेत. म्हणजे पाया तळाशी चांगला आहे, वर यंत्रं फिरवायला वाळू आहे, चिंता आहे ती मधल्या थरांची.

मधल्या थरांचं करायचं काय? मऊ मातीत पाणी भरलेलं असतं. वजन टाकलं की ते पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि जमीन बसते. वेळ किती लागेल हे पाण्याला बाहेर पडायला किती लांब जावं लागतं त्यावर ठरतं, आणि तेही वर्गाच्या पटीत. एक उदाहरण घ्या. दहा मीटर जाडीचा थर आहे, आणि ज्याला आम्ही सीव्ही म्हणतो तो घनीकरणाचा गुणांक (पाणी निघून माती किती वेगाने बसते ते सांगणारा आकडा) वर्षाला एक चौरस मीटर आहे. पाणी वर आणि खाली दोन्हीकडून निघत असेल तर ९० टक्के बसायला साधारण २१ वर्षं लागतात. खाली अभेद्य थर असेल आणि पाणी फक्त वरूनच निघत असेल तर ८५. तीच माती, तेवढंच वजन, फक्त वाट दुप्पट लांब. म्हणून आम्ही मातीत उभ्या वाती, म्हणजे पाण्याला वर यायला वाट देणाऱ्या पट्ट्या, घुसवतो, मीटर-सव्वा मीटर अंतरावर. पाण्याला मग पाच मीटर वर चढायची गरज उरत नाही, अर्धा-पाऊण मीटर आडवं गेलं की वात मिळते. वर्षांचं काम महिन्यांवर येतं. वर जास्तीचा भराव रचून ठेवायचा, पट्ट्या लावून रोज मोजायचं आणि जमीन बसली की जास्तीचं उचलून पुढच्या तुकड्यावर न्यायचं.

हे तंत्र १९७४च्या आधीचं आहे. वाळूच्या उभ्या विहिरी १९३०च्या दशकापासून वापरात होत्या, आणि पुठ्ठ्याच्या वाती स्वीडनमध्ये चेलमान या अभियंत्याने त्याच सुमाराला काढल्या. ॲमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ तर आटवलेल्या सरोवराच्या तळावर आहे, समुद्रसपाटीच्या तीन मीटर खाली, आणि १९१६पासून चालतो आहे. सिंगापूरने चांगीसाठी समुद्र भरून जमीन केली आणि १९८१मध्ये विमानतळ सुरूही केला. मॅप्लिनपेक्षा कितीतरी अवघड जागी जपानने कान्साई बांधला, सुमारे अठरा मीटर पाण्यात, मऊ मातीवर. तो १९९४मध्ये सुरू झाला, बेट आतापर्यंत बारा मीटरहून जास्त बसलं आहे, २०१८च्या वादळात धावपट्टीवर पाणी आलं, आणि तरीही तो चालतो. मॅप्लिनला मला खरी धास्ती वाटली असती ती बांधाची. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्रातून आलेल्या उधाणाने एसेक्सचा किनारा बुडवला होता, फाउलनेसही पाण्यात गेलं होतं. बांधाची उंची आणि दगडाचा खर्च मी तिथून मोजायला सुरुवात केली असती. पण तो प्रश्न पैशाचा झाला, अशक्यतेचा नव्हे.

मग रद्द का झालं, यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९६०च्या दशकात लंडनचे हीथ्रो आणि गॅटविक हे दोन विमानतळ पुरणार नाहीत असं दिसायला लागलं. सरकारने आधी स्टॅनस्टेड ठरवलं. तिथल्या लोकांनी एवढा विरोध केला की ते मागे घ्यावं लागलं. मग व्यापारमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १९६८मध्ये न्यायमूर्ती रॉस्किल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने ७८ जागांपासून सुरुवात केली आणि चार उरवल्या: कब्लिंग्टन, नथॅम्पस्टेड, थर्ली आणि फाउलनेस. पहिल्या तिन्ही आत, शेतीवाडीच्या मुलखात.

आयोगाने सगळ्याचा खर्च-लाभ पौंडांत मांडायचं ठरवलं. त्या काळात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कोणी केलं नव्हतं, आणि मी आजही नव्या मुलांना हा अभ्यास वाचायला सांगते. घरांच्या किमती, आवाजाचा त्रास, लष्कराचा गोळाबाराचा तळ हलवायचा खर्च, सगळं धरलं. पण या हिशोबातली सर्वांत जड वस्तू कोणती निघाली असेल? प्रवाशाचा वेळ. विमानतळापर्यंत जायला लागणाऱ्या मिनिटांना किंमत लावली, तिला वर्षानुवर्षांच्या कोट्यवधी प्रवाशांनी गुणलं. फाउलनेस लंडनच्या मध्यापासून सुमारे ८० किलोमीटर पूर्वेला, आणि त्याच्या तीन बाजूंना पाणी. बाकी देशातून येणाऱ्याला लंडन ओलांडून किंवा वळसा घालून यावं लागणार. फाउलनेस कब्लिंग्टनपेक्षा साधारण १५ ते २० कोटी पौंडांनी महाग पडलं, आणि त्यातला मोठा भाग भरावाचा नव्हता, प्रवासाचा होता.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे. जमीन घडवायला किती लागेल याची आपल्याला भीती वाटते, कारण तो खर्च डोळ्यांना दिसतो. रोज लाखभर माणसांचा जाणारा पाऊण तास दिसत नाही.

१९७१च्या जानेवारीत आयोगाने कब्लिंग्टनची शिफारस केली. एकच सदस्य वेगळा पडला, नगररचनाकार कॉलिन बुकॅनन. मोकळ्या ग्रामीण इंग्लंडच्या मधोमध विमानतळ आणणं म्हणजे पर्यावरणाचा विध्वंस आहे, असं त्यांनी आपल्या वेगळ्या टिपणात लिहिलं आणि फाउलनेसच्या बाजूने कौल दिला. लोकांच्या मनाने बुकॅनन यांनाच साथ दिली. कब्लिंग्टनजवळच्या स्ट्यूकलीत बाराव्या शतकातलं दगडी चर्च आहे आणि ते पाडावं लागणार होतं. त्याची किंमत आगीच्या विम्याच्या रकमेवरून धरण्याची कल्पना बाहेर आली, तेव्हा या सगळ्या हिशोबावरचा विश्वासच उडाला. मला आयोगाच्या पद्धतीबद्दल आदर आहे, पण इथे लोकांचं बरोबर होतं. आठशे वर्षं ज्या उंबऱ्यावरून गावाची लग्नं आणि मयतं गेली, त्याची भरपाई विमा कंपनी करत नाही.

एप्रिल १९७१मध्ये पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारने आयोगाची शिफारस बाजूला ठेवून फाउलनेस जाहीर केलं. पुढे जागा बेटावरून सरकवून बाहेर मॅप्लिनच्या वाळूवर नेली. विमानतळासोबत खोल पाण्याचं बंदर, नवं शहर, लंडनपर्यंत जलद रेल्वे आणि मोटरवे अशी यादी वाढत गेली. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये मॅप्लिन विकास कायदा झाला. त्या वेळचा एकूण अंदाज ८२ कोटी ५० लाख पौंडांच्या घरात होता. सत्ताधारी पक्षातल्याच काही खासदारांना तो पटत नव्हता. विमान कंपन्यांनाही हीथ्रो सोडून तिकडे जायची हौस नव्हती, आणि ज्याला विमानं उतरवायची आहेत त्यालाच नको असेल तर धावपट्टी कोणासाठी बांधायची?

आणि मग तारखा बघा. कायदा झाला त्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. १९७४च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये वीज वाचवायला कारखाने आठवड्यात तीनच दिवस चालत होते. अशात हवाई प्रवासाचे सगळे अंदाज खाली आले. त्यात बोइंग ७४७ आणि तिच्यासारखी रुंद पोटाची विमानं १९७०पासून सेवेत आली होती. पूर्वी ज्या माणसांना दोन-अडीच विमानं लागत, ती एकात मावायला लागली. म्हणजे प्रवासी वाढले तरी धावपट्ट्यांची गरज त्या वेगाने वाढणार नव्हती. हा मुद्दा तांत्रिक आहे आणि माझ्या मते निर्णायक आहे. तेल पुन्हा स्वस्त होऊ शकतं, पण मोठं झालेलं विमान पुन्हा लहान होत नाही.

फेब्रुवारी १९७४च्या निवडणुकीत हीथ गेले, मजूर पक्ष आला. पर्यावरणमंत्री झाले तेच क्रॉसलंड, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी आयोग नेमला होता. नव्याने आढावा घेतला गेला आणि जुलै १९७४मध्ये व्यापारमंत्री पीटर शोअर यांनी संसदेत मॅप्लिन सोडल्याचं सांगितलं. पुढच्या जानेवारीत इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचीही तीच गत झाली. बोगदा वीस वर्षांनी झाला, मॅप्लिन झालंच नाही.

पक्ष्यांकडे येते. फाउलनेसच्या सपाटीवर झोस्टेरा नावाचं समुद्रगवत वाढतं. दर हिवाळ्यात सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पातून काळपट पोटाचे ब्रेंट कादंब हजारोंनी येतात आणि पहिले काही आठवडे या गवतावर काढतात. आपल्याकडचा पट्टकादंब ज्यांनी उजनीला किंवा जायकवाडीला पाहिला असेल त्यांना अंदाज येईल, त्याचाच हा लहानखुरा, गडद भाऊबंद. १९३०च्या दशकात या गवतावर रोग पडला आणि कादंब फार घटले होते, ते नुकते सावरत होते. गवत दुसरीकडे रुजवून पक्ष्यांना तिकडे वळवता येईल का, याचेही प्रयोग शास्त्रज्ञांनी मॅप्लिनच्या निमित्ताने करून पाहिले. पक्ष्यांमुळे योजना रद्द झाली असं म्हणणं खरं नाही. पण मातीची, गवताची आणि पक्ष्यांची एवढी बारकाईने नोंद त्याआधी तिथे कोणी केली नव्हती. आज तो सगळा पट्टा रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे. ली-ऑन-सीचे मच्छीमार आजही तिथल्या वाळूतून कॉकल, म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या काढतात. १९७३च्या चर्चेत हा सगळा भाग मोकळा म्हणून धरला जात होता. सातबाऱ्यावर कोणाचं नाव नाही म्हणजे जमीन कोणाचीच नाही, ही समजूत खारेपाटातल्या माणसाला नवी नाही.

पुढचं थोडक्यात. विमानतळ अखेर स्टॅनस्टेडलाच वाढला, नवी इमारत १९९१मध्ये उघडली. जिथून सुरुवात झाली होती तिथेच, वीस-पंचवीस वर्षांनी. थेम्सच्या मुखाचा मोह मात्र सुटला नाही. बोरिस जॉन्सन लंडनचे महापौर असताना पुन्हा खाडीमुखाच्या विमानतळाची टूम निघाली, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी मुखाच्या दक्षिण तीरावरच्या आइल ऑफ ग्रेनसाठी आराखडा केला. तिथून जवळच शीअरनेससमोर १९४४मध्ये रुतलेलं रिचर्ड मंट्गमेरी हे जहाज आजही पडून आहे, पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं घेऊन. २०१४मध्ये विमानतळांसाठी नेमलेल्या डेव्हिस आयोगाने हा पर्याय नाकारला. खर्च, पक्षी, आणि पुन्हा तेच, पोचायचं कसं.

आता उलवे. तिथली माती मॅप्लिनपेक्षा वाईट. खाडी, खारफुटी, मध्ये सुमारे ९० मीटर उंचीचा डोंगर, आणि उलवे नदीचा प्रवाह वळवायचा. तरी ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालं. कसं जमलं? डोंगर कापून निघालेला दगड तिथेच भरावाला मिळाला, हे एक. पण खरा फरक जागेचा आहे. पनवेल, बेलापूर, न्हावा शेवा, पुण्याचा रस्ता हे सगळं आधीच दाराशी होतं. मुंबईच्या दुसऱ्या विमानतळासाठी १९९०च्या दशकात रेवस-मांडव्याचाही विचार झाला होता, हे आज अलिबागकरांनाही फारसं आठवत नाही. मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहून समोर मुंबई बघा. पाणी ओलांडून जायचं, नाहीतर पेणवरून वळसा. फाउलनेसहून लंडन तसंच होतं.

माणसांजवळ बांधल्याची किंमत वेगळ्या खात्यात पडते. उलव्याला दहा गावं उठली, खारफुटी गेली. आणि पक्षी तिथेही आहेत. ठाण्याची खाडी रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर स्थळही. मे २०२४मध्ये घाटकोपरला मुंबईत उतरणाऱ्या विमानाला थवा धडकून तीसहून अधिक रोहित मेले. भरतीला खाडी भरते तेव्हा या पक्ष्यांना टेकायला उरणजवळच्या पाणजेसारख्या उथळ जागा लागतात. त्या बुजवल्या तर पक्षी नाहीसे होत नाहीत, दुसरीकडे उडतात, आणि ती दुसरी जागा कदाचित धावपट्टीच्या रेषेत असते. विमानांच्या सुरक्षेसाठी पाणथळी भरून टाका असं कोणी सुचवलं की मी बैठकीत हे नकाशावर बोट ठेवून दाखवते.

तुम्ही स्थापत्याचे विद्यार्थी आहात असं प्रश्नावरून वाटतं. एखादा भरावाचा प्रकल्प अभ्यासाला घेतलात तर बोअरच्या नोंदींसोबत त्या जागेवर पोचायचे रस्ते आणि रेल्वे एकाच कागदावर काढा, आणि उधाणाच्या भरतीची रेषाही. ओहोटीला एकदा स्वतः चालून या, सोबत तिथलाच कोळी माणूस घेऊन. कुठे पाय रुततो आणि कुठे नाही, हे तो बोअर घ्यायच्या आधी सांगतो.